चारपैकी तीन कडा

त्या सकाळी कापडं बेतायच्या टेबलावर सहा वस्तू होत्या: एक कात्री, कडपट्टीची दोन भेंडोळी, एक लाकडी ठोकळा, सॅटिनचा हातभर तुकडा आणि मळक्या पिशवीतून नुकतीच बाहेर आलेली मी. मित्रांनो, मी एक जुनी इस्त्री आहे. मला पाण्याची टाकी नाही आणि तळाला वाफेची छिद्रंही नाहीत. आहे ते फक्त वजन आणि उष्णता.

माझा तळ कारखान्यात ओतला गेला आणि आरशासारखा घासला गेला. शिवणकाम करणाऱ्या ताईंनी मला घरी आणलं. पुढे कितीतरी वर्षं त्यांच्या प्रत्येक कॉलरवरून शेवटचा हात माझाच फिरायचा. "रेघ म्हणजे अगदी पट्टीने आखलेली," असं गिऱ्हाईक म्हणालं, की ताई माझ्याकडे बघून हसायच्या. मग माझ्या तळाला गंजाचा ठिपका आला, तो एका पांढऱ्या शर्टावर उमटला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. माझ्या जागी वाफेची नवी इस्त्री आली. मी तिला दोष देत नाही. पण माळ्यावर दिवस फार लांब असतो.

मला खाली आणलं ते एका रेशमी कापडामुळे. शेजारच्या शिक्षिकाबाईंच्या आईने ते जन्मभर जपलं होतं. आई गेल्यावर बाईंनी ते जाकीट शिवायला ताईंकडे दिलं आणि म्हणाल्या, "असं दुसरं मिळणार नाही हो. एक धागा जरी ओढला गेला ना, तरी मला सांगू नका, मला सोसायचं नाही."

ताईंनी होकार दिला खरा, पण त्यांचं टेबल प्लायवूडचं होतं. प्लायवूडची कापलेली कड खरखरीत असते, म्हणून तिच्यावर कडपट्टी चिकटवतात. ताईंच्या टेबलाची प्लास्टिकची पट्टी सुटून लोंबत होती. त्यांनी सॅटिनचा तुकडा चारही कडांवरून ओढून पाहिला. उजव्या कडेवर सात धागे निघाले, बाकीच्या तीन कडांवर मिळून दोन.

ताईंचा धाकटा भाऊ सुतार होता. ती पट्टी त्यानेच लावली होती.

"तुझी पट्टी अगदी तुझ्यावर गेलीय," ताई म्हणाल्या. "चार दिवस चिकटून राहते, मग बेपत्ता."

"एवढं एक कापड जमिनीवर बेत ना, ताई."

"आणि गुडघे कोण देणार, तू? टेबल नीट झाल्याशिवाय रेशमाला कात्री लागणार नाही. आज काय ते ठरव."

भावाने दोन भेंडोळी आणली होती. एक पुन्हा प्लास्टिकचं. दुसरं खऱ्या लाकडाच्या पातळ सालीचं, मागच्या बाजूला सुकलेला गोंद असलेलं. तो गोंद इस्त्रीच्या उष्णतेने वितळतो आणि थंड झाला की धरतो. त्याला वाफ चालत नाही, वाफेने लाकूड फुगतं. म्हणून मी! प्लास्टिक माझ्याखाली आक्रसलं असतं, त्यामुळे ते भेंडोळं बाजूला पडलं.

मी तापू लागले. इतक्यात ताईंनी हात आडवा केला.

"थांब. सात धागे उजव्याच कडेवर का?"

"तिकडे हात जास्त लागतो तुझा."

"हात नाही, इस्त्री लागते. शिवणी मी त्याच कडेशी दाबते. आणि जी पट्टी उष्णतेने चिकटते, ती उष्णतेनेच सुटणार नाही का?"

भावाने डोकं खाजवलं. मग त्याने एका फळकुटावर माझ्याकडून पट्टी चिकटवून घेतली, ती गार होऊ दिली आणि तिच्यावर नवी इस्त्री टेकवली. नखाने उचलताच पट्टी सोललेल्या सालीसारखी वर आली.

"झालं," तो म्हणाला. "उजवीकडे ही नको. तिथे अंगठ्याएवढी जाड सागाची पट्टी बसवतो. गोंद तिच्या मागे राहील, तिथवर धग पोचायची नाही."

मित्रांनो, मला वाईट वाटलं नाही असं कसं म्हणू? पण उजवी कड माझी नव्हती हे खरं होतं. मी ठरवलं, उरलेल्या तीन कडा तरी अशा करायच्या की त्यांच्याकडे पुन्हा कुणाला बघावं लागू नये.

त्याने जुनी पट्टी चारही कडांवरून खरवडून काढली आणि उजवीकडे सागाची पट्टी पांढऱ्या गोंदाने लावून शिकंज्यांत आवळली. मग आम्ही डावी कड घेतली, नंतर मागची आणि सर्वांत शेवटी पुढची, म्हणजे तिच्या लांब पट्टीखाली बाजूंची टोकं झाकली जातात. पट्टी फळीपेक्षा थोडी रुंद होती. माझ्या गंजाचा डाग पडू नये म्हणून मध्ये कोरा कागद होता. मी सावकाश पुढे सरकायचे आणि मागून तो ठोकळ्याने दाबत यायचा. मी कुठेच रेंगाळले नाही. रेंगाळले असते, तर लाकूड करपलं असतं. घाई केली असती, तर गोंद कच्चा राहिला असता. गार झाल्यावर त्याने जास्तीची पट्टी पटाशीने तासली आणि काचकागद एकाच दिशेने फिरवला.

दुसऱ्या दिवशी शिकंजे सुटले, सागाच्या पट्टीवरून रंधा फिरला. ताईंनी माझा तळ घासून गंज काढला आणि मला खिडकीत ठेवलं.

"माळ्यावर टाकू?" भावाने विचारलं.

"तूच जा माळ्यावर."

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखं कुणी असेल. त्याला फेकण्याआधी ते कोणत्या कामाचं आहे आणि कोणत्या नाही, एवढं एकदा तपासून बघा. आणि गरम इस्त्रीभोवती वायर गुंडाळू नका.

शिक्षिकाबाई आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. ताईंनी आधी सॅटिन ओढलं. मग रेशमी कापड उलगडलं आणि चारही कडांवरून फिरवलं.

निघालेले धागे: शून्य.