थोरलीच्या भिंतीवरची काच

खाणीवर मुकादम झाल्यापासून पोरगा जेवायलासुद्धा पिवळं हेल्मेट घालून बसायला लागला, ही थोरलीची तक्रार सगळ्या आळीला पाठ झाली होती.

"घरात कसलं रे डोकं सांभाळतोस? माझ्या भाजीत काय खडे आहेत?"

"सवय झालीय, आई," म्हणून मुकादम मान खाली घालून घास घ्यायचा.

सवय कसली डोंबलाची. रोज एकाच्या ठोक्याला खाणीचा भोंगा व्हायचा, मागोमाग सुरुंग उडायचे, जमीन पोटातून हलायची आणि छतातला चुरा सगळ्यांच्या ताटात पडायचा. सून लगबगीने ताटावर ताट उपडं घालायची. थोरली हाताचा पंजा आडवा धरायची. मुकादम तेवढा आपल्या पिवळ्या छपराखाली ऐटीत जेवायचा, आणि संध्याकाळी चहाच्या टपरीवर जाऊन सांगायचा, की खाणीचा घरांना काडीचा त्रास नाही.

थोरली सासरी आली ती थोरली सून म्हणून. पुढे सासू गेली, सासरे गेले, जावा वेगळ्या झाल्या, गवंडीकाम करणारा नवराही गेला, पण हे नाव काही तिला सोडून गेलं नाही. शाळेत ती दोन वर्षं गेली असेल-नसेल. मात्र चाळीस वर्षं तिने नवऱ्याला गिलावा कालवून दिला होता, आणि राहतं घर त्या दोघांनी चार हातांनी उभं केलं होतं. त्या घराविषयी कुणी तिला शहाणपण शिकवायला लागलं, की ती आधी त्याच्या हाताकडे बघायची. हात मऊ असले की पुढचं ऐकायचीच नाही.

कंपनीने खाण वाढवायचं काढलं आणि एका गावाची दोन गावं झाली. टेकडीची पलीकडची बाजू पोखरून संपली होती. आता अलीकडची बाजू धरायची होती, आणि ती थोरलीच्या परसाच्या कुंपणाला येऊन टेकत होती.

"खाण वाढली की ट्रक वाढतील, ट्रक वाढले की गिऱ्हाईक वाढेल," चहावाला फडकं झटकत म्हणायचा. "प्रगती म्हणतात तिला."

"आणि लोकांच्या छातीत धूळ वाढेल, तिला काय म्हणतात?" मास्तर विचारायचे. मास्तरांचा खाणीला कडाडून विरोध होता. मागच्याच वर्षी त्यांनी बंगल्याभोवती पुरुषभर उंचीचं दगडी कुंपण घातलं होतं. दगड कुठून आला, हे त्यांना कुणी विचारत नसे आणि ते सांगत नसत.

गावात उरलेला एकुलता एक गवंडी दोघांच्या मध्ये बाकावर बसलेला असायचा. "माझं दोन्हीकडून आहे बाबा. खाण चालली तर भिंती तडकतील, मला डागडुजी. थांबली तर तुम्ही निवांत नवी घरं बांधाल, मला बांधकाम. कुणीही जिंका, मला हाक मारा म्हणजे झालं."

"तुझं बरं आहे," दुधाची बरणी घेऊन चाललेली थोरली म्हणाली. "उद्या भूकंप आला तर तू त्याला बसवून चहा पाजशील."

"आणि आमच्याच टपरीवर पाजेल," चहावाला खूश होऊन म्हणाला.

शेवटी सरकारी साहेब आला. त्याने चार घरं निवडली: चहावाल्याचं, मास्तरांचं, गवंड्याचं आणि थोरलीचं. प्रत्येक घरातल्या एका भेगेवर त्याने वीतभर काचेची पट्टी आडवी धरली आणि दोन्ही टोकांना प्लास्टरचा एकेक गोळा लावून ती घट्ट बसवली. भिंत हलली तर काच तडकणार. तीन महिन्यांनी तो बघायला येणार होता. चारांपैकी एक जरी काच खरोखर तडकलेली निघाली, तर नव्या खाणीला परवानगी नाही.

"माणसं खोटं बोलतात, आजी," साहेब हात पुसत म्हणाला. "काच खोटं बोलत नाही."

"आमच्या गावात नवीन आहे ती," थोरली म्हणाली. "शिकेल."

थोरलीची काच मागच्या खोलीत होती. ती खोली तिची. टेकडीकडच्या भिंतीला लागून तिची खाट होती आणि खाटेच्या उशाला ती भेग. तिसऱ्या महिन्यातल्या एका सोमवारी एकचे सुरुंग उडाले तेव्हा ती जेवण आधीच उरकून खाटेवर बसून वाती वळाव्यात तशी सुतळी वळत होती. डोक्याशी 'टक्' झालं. मान वळवून बघितलं, तर काचेत केसाएवढी रेघ, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

तिने सुनेला बोलावून दाखवलं. "कुणाला बोलू नकोस. आपण बोंब मारली की म्हणतील, म्हातारीनेच फोडली. साहेब येईल आणि बघेल."

दुसऱ्या दिवशी लेकीला बरं नाही असा निरोप आला, म्हणून थोरली दोन रात्री लेकीकडे राहून आली. आल्यावर चपला काढून तडक मागच्या खोलीत गेली. काच अखंड होती. नुसती अखंड नाही, पुसलेली होती.

मोरीत सून उगाचच मोठ्याने भांडी घासत होती.

"काच कुणी हाताळली गं?"

"मला काय माहीत, आई. मी शेजारी गेले होते."

"दोन्ही दिवस?"

सुनेने नळ आणखी मोठा सोडला.

थोरलीने काचेवरून बोट फिरवलं, मग दोन्ही बाजूंच्या गोळ्यांवरून फिरवलं, आणि उजवीकडच्या गोळ्यावर तिचं बोट जरा जास्त वेळ थांबलं. संध्याकाळी मुकादम कामावरून आला तेव्हा तिने त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

"काय रे, माझी काच कशी आहे?"

"ठणठणीत," तो तांब्याकडे बघत म्हणाला. "तू निवांत झोप, आई."

ती झोपली नाही. पण त्याला दुसऱ्यांदा विचारलंही नाही. साहेब यायला चार दिवस होते, तेवढे तिने त्याला आपण होऊन सांगायला दिले. त्या चार दिवसांत त्याने तिच्यासाठी नवी घोंगडी आणली आणि न मागता गुडघ्याला तेल लावून दिलं. लहानपणी बरणी फोडली की तो असाच गुणी व्हायचा.

पाचव्या दिवशी साहेब आला. बरोबर कंपनीचा मॅनेजर, आणि मागे अर्धं गाव.

चहावाल्याच्या भिंतीवर काचच नव्हती. त्याने गल्ल्याखालच्या खणातून फडक्यात गुंडाळलेली काच काढली आणि अभिमानाने साहेबाच्या हातात दिली. "बघा, एक ओरखडा नाही. धक्का लागू नये म्हणून पहिल्याच दिवशी काढून ठेवली."

मास्तरांच्या काचेचे अकरा तुकडे झाले होते. हातोडी खिडकीतच राहिली होती. "कंपनाची तीव्रता बघा," मास्तर म्हणाले. साहेबाने हातोडी उचलून त्यांच्या हातात दिली.

गवंड्याने आपल्या काचेवरून नवा गिलावाच ओढला होता. आत काच तडकली की नाही, हे आता त्यालाही सांगता येईना.

साहेबाने तिन्ही घरांवर काट मारली. उरलं थोरलीचं घर. सगळं गाव तिच्या मागच्या खोलीच्या दाराशी येऊन थांबलं. थोरलीने काचेला हात लावला नसणार, एवढ्या एका गोष्टीवर दोन्ही बाजूंचं एकमत होतं. तिला फोडायचंच असतं तर तिने कुणाचं तरी डोकं फोडलं असतं.

साहेबाने वाकून बघितलं. "अखंड," तो म्हणाला आणि वही उघडून तसं लिहायला लागला. मॅनेजरने मुकादमाच्या पाठीवर थाप मारली.

थोरलीने पोराकडे बघितलं. नवी खाण झाली तर त्याला बढती होती, आणि त्याच्याच घरातली काच तडकली तर घरी बसायचं होतं, हे सुनेने काल भाजी निवडता निवडता रडत सांगितलं होतं. पोराचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो आईकडे बघत होता, आणि काय मागतोय ते आंधळ्यालाही दिसलं असतं.

"साहेब," थोरली म्हणाली, "तुम्ही लावले तेव्हा दोन्ही गोळे सारख्या जाडीचे लावले होते ना?"

"हो तर. पट्टी भिंतीला समांतर बसायला नको?"

"मग जरा बोट लावून बघा. लिहायची घाई नाही."

साहेबाने बोट लावलं. मग खिशातून मोजपट्टी काढून लावली. डावीकडचं प्लास्टर बटणाएवढं पातळ होतं, उजवीकडचं बोटभर जाड. भेगेच्या उजवीकडची भिंत टेकडीच्या बाजूला बाहेर कलली होती, आणि काच सरळ दिसावी म्हणून कुणीतरी मधली पोकळी प्लास्टरने भरून काढली होती.

"काच बदललेली आहे," साहेब सावकाश म्हणाला. "आणि भिंत किती सरकली, त्याचं मापही बदलणाऱ्याने इथेच ओतून ठेवलंय. नऊ मिलिमीटर. मला एवढं नीट मोजता आलं नसतं." त्याने 'अखंड' खोडलं आणि बराच वेळ लिहीत राहिला.

मास्तरांनी टाळ्या वाजवल्या.

"हळू वाजवा मास्तर," थोरली म्हणाली, "भिंत पडेल."

नवी खाण थांबली. जुनी होती तशीच चालू राहणार होती, तिचं कुणी काही विचारलंच नव्हतं. चहावाला थोरलीकडे पाठ फिरवून निघून गेला. गवंडी तेवढा जाता जाता भिंत वरपासून खालपर्यंत निरखून गेला.

"मुकादम, उद्या ऑफिसात भेटा," मॅनेजर दारातूनच म्हणाला. "सामान जमा करायला."

घर रिकामं झालं. मुकादम खाटेच्या कडेला बसला.

"गप्प बसली असतीस, आई, तर माझी नोकरी राहिली असती."

"राहिली असती."

"मी काय माझ्या एकट्यासाठी केलं? सगळ्यांच्याच पोटासाठी ना?"

थोरलीने कोपऱ्यातली आपली उशी उचलली, घोंगडी खांद्यावर टाकली आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"पोटासाठी माणूस लबाडी करतो, ती मी पोटात घातली असती. पण हे प्लास्टर तू तुझ्या हाताने थापलंस. भिंत बोटभर सरकलीय, हे सगळ्यांच्या आधी तुझ्या हाताला कळलं. त्या हाताने माझ्याकडून पाण्याचा तांब्या घेतलास आणि मला म्हणालास, निवांत झोप. आता ऐक. आजपासून या खाटेवर तू झोपायचं, भेगेकडे डोकं करून. मी सुनेपाशी तुझ्या खोलीत झोपते. ही भिंत उतरवून, ओळंबा लावून, तू नवी सरळ उभी केलीस की मला हाक मार. मी येऊन बोट लावून बघेन. तोवर तू निवांत झोप."