डावी बाजू भरीव

मेहरूणमध्ये फरशी बसवणारे पुष्कळ आहेत, पण बसवलेली फरशी ऐकणारा कान एकट्या रुपसिंगचाच, असं गवंडी लोकच सांगत. टाईल चिकटून वाळली की तो उकिडवा बसून बोटाच्या पेराने चारी कोपऱ्यांवर टकटक करी. आवाज भरीव आला तर पुढे सरके. पोकळ आला तर खाली हवा राहिलेली. टाईल उखडायची, पुन्हा बसवायची. बावीस वर्षांत पोकळ फरशी त्याने कोणाच्या गळ्यात मारली नव्हती.

हस्तीमलशेठचा बंगला आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, गृहप्रवेशाला तयार हवा होता. शेठने टाईल चिकटवायचं भारी केमिकल आणलं आणि पोत्यावरच्या सूचना स्वतः वाचून दाखवल्या. "कोबा अठ्ठावीस दिवसांचा पाहिजे. लावलेल्या टाईलवर चोवीस तास पाय द्यायचा नाही. आणि रुपसिंगभाऊ, हे केमिकल आहे, तुमची सिमेंटची राबडी नाही."

"राबडी एकदा तुमच्या घरची खाल्ली, म्हणजे फरक कळेल शेठ," रुपसिंग म्हणाला आणि बराच वेळ खोकला.

पोत्यावर मास्क बांधलेल्या माणसाचं चित्रही होतं. शेठने ते वाचलं नाही, कारण ते लिहिलेलं नव्हतं.

एप्रिलच्या झळीने केमिकलवर पापडी धरते, म्हणून खिडक्या बंद. भिंतींना नवी पुट्टी, शिंतोडे उडतात, म्हणून टाईल कापायच्या कटरला धूळ बसवणारं पाणी लावायचं नाही. केमिकलला वारा चालत नव्हता, पुट्टीला पाणी चालत नव्हतं. रुपसिंगला काय चालत नाही, याची कोणी चौकशी केली नव्हती. बंद खोलीत कोरडा कटर चाले आणि संध्याकाळी तो आणि केमिकल कालवून देणारी त्याची बायको जमना पिठाच्या गिरणीतून निघाल्यासारखी बाहेर पडत.

खोकला दिवाळीपासूनचा. आता जिना चढताना मध्ये बसावं लागे. शेवटी जमनाने त्याला ओढत दवाखान्यात नेलं.

डॉक्टर जुन्या वळणाचे. त्यांनी रुपसिंगच्या पाठीवर एक बोट टेकवलं आणि दुसऱ्याने त्यावर टकटक केली. रुपसिंग चमकला. हा तर आपल्यातलाच माणूस! तो कान देऊन ऐकू लागला. डावीकडे खालपासून भरीव, एकदम पक्कं. उजवीकडे मात्र पोकळ, वर पोकळ, खाली पोकळ. त्याला लाज वाटली.

"डावीकडे भरलंय बाबा. किती वर्षं धूळ खाताय? आजच्या आज सिव्हिलला जा." डॉक्टर चिठ्ठी लिहू लागले.

"आणि उजवी?" रुपसिंगने चाचरत विचारलं.

"उजवी ठीक आहे अजून."

माणूस सभ्य आहे, तोंडावर सांगत नाही, असं रुपसिंगला वाटलं. गवंडीही मालकांना असंच सांगतात.

छातीत हवा असली तर ती पोकळ वाजते आणि भरीव वाजली की तिथली हवा संपलेली असते. डॉक्टरांना हे इतकं पाठ होतं, की सांगायचं सुचलं नाही. रुपसिंगला आपलं इतकं पाठ होतं, की विचारायचं सुचलं नाही.

बाहेर बाकावर जमना बसली होती. "काय सांगं डाक्टरनी?"

"डावी बाजू भरीव शे. उजवी पोकळ वाजस. आठ आणे काम बाकी शे."

"मंग चिठ्ठी कसानी?"

"उजवीनी व्हई. आखाजी व्हई जाऊ दे, मंग जासू."

चिठ्ठी टाईलच्या खोक्यात गेली. आपल्या पाठीपर्यंत हात पोचेना, म्हणून रुपसिंगने जमनाला ठोकायला शिकवलं. रोज दुपारी भाकर खाऊन झाली की ती त्याच्या पाठीमागे बसे.

आखाजीच्या दोन दिवस आधी हस्तीमलशेठ दहाचं नाणं घेऊन खोलीभर ठोकत फिरले. "एकही पोकळ नाही. वा, रुपसिंगभाऊ!"

रुपसिंग भिंतीला टेकून बसला होता. शेठ गेल्यावर तो पुढे वाकला आणि जमनाने पेर टेकवलं. खालची ओळ. मधली ओळ. तिचा चेहरा खुलला.

"आते उजवी बी भरीव वाजस," ती म्हणाली. "बठ्ठी पक्की व्हई गयी."

रुपसिंगने नुसती मान हलवली. बोलायला लागतो तेवढा श्वास त्याच्यापाशी नव्हता.