मेणबत्ती जळतेय तोवर

वर्गात एकेचाळीस मुलं आहेत. मी मेणबत्ती बाहेर काढून "कोण पेटवणार?" विचारलं की हात वर येतात बेचाळीस.

पहिल्यांदा वाटलं, मोजताना चुकले असेन. पण तीस वर्षं सहावीला विज्ञान शिकवतेय, एवढं तरी मोजता येतं मला! दुसऱ्यांदा बाक धरून मोजले. खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावर कोणी बसत नाही. तिथून एक बारीकसा हात वर आला होता, मनगटावर शाईचा डाग. "हात खाली!" मी खेकसले. सगळे खाली आले, तो एक सोडून. मी मेणबत्ती कपाटात टाकली आणि त्या दिवशी चुंबक शिकवलं. पुढच्या आठवड्यातही तेच झालं, तेव्हा वनस्पतींचा धडा काढला.

तो हात मी ओळखते. त्या पोराला शंकासुर हे नाव मीच ठेवलं होतं. तास संपत आला की याला हमखास शंका यायची. अख्खा वर्ग हसायचा, मीही हसायचे.

प्रयोग अगदी साधा. ताटलीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, तिच्यावर काचेचा ग्लास उपडा. ज्योत बारीक होते, विझते, पाणी ग्लासात चढतं आणि पोरं तोंडाचा आ करून बघत राहतात. मग मी माझं ठरलेलं वाक्य टाकायचे, "मेणबत्ती जळतेय तोवर माणूस जगतो. पाठ करा." हे पुस्तकात कुठेही नाही, माझ्या पदरचं आहे. मला फार आवडायचं ते.

एकदा त्या वाक्यावर शंकासुर उठला होता. "बाई, पण एखादी हवा ज्योतीला चालते आणि माणसाला चालत नाही, असं असलं तर?"

घंटा व्हायला पाच मिनिटं, धडा अर्धा राहिलेला, माझं डोकं सकाळपासून तापलेलं. "तसली हवा नसते. फार शहाणपणा नको, बस खाली," मी म्हटलं. तसली हवा असते, हे मला पक्कं ठाऊक होतं. समजावत बसायचा कंटाळा केला, दुसरं काही नाही.

पोरगा मोठा होऊन पाण्याच्या टाक्या साफ करायला लागला. गेल्या वर्षी एका इमारतीच्या जमिनीखालच्या टाकीत त्याने इंजिनाचा पंप उतरवला, गाळ उपसला, पंप वर घेतला. धूर दिसेनासा झाल्यावर दोरीला मेणबत्ती बांधून आत सोडली. ती मस्त जळत राहिली. म्हणून तो उतरला, आणि परत वर आलाच नाही. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग, ना वास. ज्योत त्याला दाद देत नाही, माणूस मात्र उभ्याउभ्या कोसळतो.

मी भेटायला गेले तेव्हा त्याची बायको माझे हात धरून रडली. "बाई, तुमचा शब्द कधी मोडला नाही हो त्यांनी. आधी मेणबत्ती, मगच पाय आत. भावजींनाही तीच सवय लावून गेलेत. तरी बघा, नशीब कसं!"

मी अवाक्षर काढलं नाही. वाचा बसली होती असं सांगता येईल, पण ते खोटं. मी घाबरले होते. त्या घरात मला केवढा मान होता, तो जाईल म्हणून घाबरले होते. लाज वाटते मला माझी.

त्याची मुलगी यंदा माझ्याच वर्गात आली, तिसऱ्या बाकावर. तिचा काका अजून टाक्यांत उतरतोय, माझ्या भरवशावर.

काल शेवटी मेणबत्ती पेटवली. बेचाळीस हात. जिभेला सवय झालेली, वाक्य आपोआप सुरू झालं, "मेणबत्ती जळतेय तोवर..."

"तोवर काहीच कळत नाही," मी म्हटलं. "तिथे माणूस जगेल की मरेल, हे मेणबत्ती सांगत नाही. मी इतकी वर्षं चुकीचं शिकवलं." मग इंजिन, धूर, टाकी, सगळं फळ्यावर काढून समजावलं.

मुलगी उभी राहिली. "बाई, आमच्या बाबांना तुम्हीच शिकवलं होतं ना?"

"हो."

"असंच?"

"असंच. त्याने विचारलंही होतं. मी त्याला गप्प बसवलं."

शेवटच्या बाकावरचा हात अजून वरच. "आता आणखी काय पाहिजे रे तुला?" मी ओरडले. एकेचाळीस माना मागे वळल्या.

मुलीने मागे बघितलं, मग माझ्याकडे. रडली नाही. "काकाला उद्या टाकीवर जायचंय," ती म्हणाली. "पण आईला मी नाही सांगणार, बाई. तुम्ही चला."

शाळा सुटल्यावर गेले. काका दारातच दोरी गुंडाळत बसला होता. मी बसलेसुद्धा नाही, उभ्यानेच सगळं सांगितलं. त्याच्या भावाने वर्गात विचारलेला प्रश्नसुद्धा सांगितला, आणि माझं उत्तरही.

"पण बाई, दर वेळी जळते की ती," काका म्हणाला.

"जळणारच. म्हणून तर आलेय. इंजिन आत न्यायचं नाही. पंख्याने हवा खेळवायची, यंत्राने मोजायची, वर माणूस ठेवायचा. त्याशिवाय पाय टाकायचा नाही."

त्याने दोरी खाली ठेवली आणि उद्याचं काम नको म्हणून फोन करायला आत गेला. त्याची वहिनी भिंतीला टेकून उभी होती. मला वाटलं, शिव्या देईल, हाकलून देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिने मुलीच्या पाठीवरचं दप्तर उतरवून घेतलं.

"रोज सकाळी हिला एकच सांगून पाठवते," ती म्हणाली, "बाई सांगतील ते ऐकायचं, उलट विचारायचं नाही. उद्या काय सांगू, बाई?"