सगळं वहीत आहे

बिस्किटाच्या वेष्टनाची कड बोटाला टोचत होती... एकवीस माणसं, एकवीस बिस्किटं, प्रत्येक वेगळं गुंडाळलेलं. निरोपाच्या दिवशी ज्याच्या त्याच्या टेबलावर एकेक ठेवून वाकून आभार मानायचे, अशी तिथली रीत. जपानमधल्या तोयामा शहरातल्या दातांच्या औषधांच्या या कंपनीत नागिसा आज तेच करत होती, आणि नऊ वर्षांतला हा तिचा निरोपाचा तिसरा डबा होता.

कंत्राटी माणसाला एका विभागात तीन वर्षांवर ठेवता येत नाही, ठेवायचं तर कायम करा, असा कायदा — तिच्याच भल्यासाठी केलेला म्हणे! "तुमच्यावाचून अडलं पाहिजे बघा त्यांचं," तिला कामावर पाठवणाऱ्या एजन्सीतल्या बाईंनी बजावलं होतं. मग नागिसाने वही लिहायला घेतली. कुठला दवाखाना कधी मागणी पाठवतो, कुठल्या डॉक्टरांना फोन केलेला खपत नाही, बर्फ पडला की गाडी कुठून वळवायची... रविवारमागून रविवार त्यात गेले. पहिलं वर्षभर ती नुसती 'कंत्राटीबाई' होती. वही पाहिल्यावर विभागप्रमुख त्सुजिमोरी तिला 'कुरोइवासान' अशी आडनावाने, मानाने हाक मारू लागले, आणि ती वेडी आशेला लागली. मी किती मूर्ख, तिला आता वाटत होतं, अडू नये म्हणूनच तर वही असते!

"सोन्यासारखी वही आहे हो, कुरोइवासान," त्सुजिमोरी बिस्कीट खिशात टाकत म्हणाले. "आता कुणीही आलं तरी काम चालेल." मनापासून म्हणाले. त्याचंच जास्त लागलं.

तिच्या खुर्चीवर आता इचिका बसली होती — तेवीस वर्षांची, पहिल्या दिवसापासून कायम.

"एक विचारू? वहीत नाही असं काही राहिलंय का हो? फक्त तुम्हालाच ठाऊक असलेलं?"

असेल की, नागिसाला वाटलं, आणि सांगायचंच नाही मुळी. ती मनात शोधू लागली. शिरोमा डॉक्टरांची बहिरी नर्स... पान त्रेसष्ट. गोदामाचं अडणारं दार... तेही आहे. पोरगी पेन उघडून थांबली होती. तीन वर्षं उलटीपालटी करूनही स्वतःसाठी मागे ठेवलेलं काही हाताला लागेना.

"नाही गं. सगळं वहीत आहे."

सोमवारी नवं ऑफिस. तिथे एक तरी गोष्ट आपल्यापाशीच ठेवायची, तिने ठरवलं — आणि ठरवतानाच तिला कळून चुकलं की आपण तीही लिहून टाकणार.