खिशातला चमचा

मी एक जुना चमचा आहे, वय पस्तीस, अंग स्टीलचं, दांडा आखूड. आणि मित्रांनो, आधीच कबूल करतो, मनाने मी काही मोठा नाही. माझी हकिगत ऐकताना तुम्हाला माझा राग आला तर खुशाल येऊ द्या.

एका कारखान्यात पत्र्याच्या पट्टीतून मला ठोकून काढलं. माझ्याबरोबरचे चमचे लांब दांड्याचे होते. माझा दांडा मुद्दाम छोटा ठेवला, कारण मला लहान मुलांना भरवायचं होतं. ज्या घरी मी आलो तिथे आधी एका मुलीला भरवलं आणि मग तिच्या धाकट्या भावाला. हा धाकटा भलताच खादाड होता. वाटी संपली की मला जमिनीवर आपटून आणखी मागायचा. माझ्या कडेला एक पोचा आहे, तो त्याचाच प्रताप. "या चमच्याशिवाय हा घासच घेत नाही," असं घरात सगळे म्हणायचे. हे वाक्य मी आयुष्यभर जपलं आहे. पुढे मुलं मोठी झाली आणि मी ड्रॉवरच्या तळाशी गेलो. तिथे काटे आणि सुऱ्या रोज बाहेर जायच्या, ताटात बसून यायच्या, आणि मी पडल्या पडल्या त्यांच्यावर जळायचो.

तो खादाड मुलगा मोठेपणी प्लंबर झाला. त्याला मुलगी झाली त्या दिवशी त्याच्या ताईने मला शोधलं, घासून लखलखीत केलं आणि त्याच्या हातात ठेवलं. "तुझाच आहे रे. सहा महिन्यांनी लेकीला याच चमच्याने भरव." मी किती फुगलो म्हणून सांगू! आता मी त्या माणसाला बाबाच म्हणणार, कारण पुढच्या सगळ्या गोष्टीत तो फक्त बाबा होता.

पण बिट्टीने, म्हणजे त्या बाळाने, दुधाचा पहिला घोट घेतला आणि ती निळी पडली. तिची अन्ननलिका जन्मतःच तुटक होती. घशाकडचा तुकडा खाली बंद, पोटाकडचा तुकडा वर बंद, मध्ये नुसतीच जागा. डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढलं. टोकं फार लांब आहेत, बाळ वाढलं की जवळ येतील. तीन महिन्यांनी छाती उघडून ती जोडायची आणि तोवर पोटाला भोक पाडून नळीतून दूध द्यायचं. बाबा ते चित्र बघत राहिले. "दोन टोकं जोडायची आहेत गं," ते आईला म्हणाले. "रोज तेच करतो मी." आणि त्यांना रडू कोसळलं.

अशी ती नळी आमच्या घरात शिरली. मित्रांनो, तिला ना रूप, ना चकाकी. पण सगळ्यांचा जीव तिच्यात. आई तिच्याभोवतीची कातडी कापसाने टिपायची. बाबा सिरिंज उंच धरायचे आणि दूध थेंबाथेंबाने उतरेपर्यंत हलायचे नाहीत. मी बाबांच्या शर्टाच्या खिशात, पेन्सिल आणि मोजपट्टीच्या मध्ये. काळजी वाटली की ते खिशात हात घालायचे आणि माझा पोचा अंगठ्याने चोळायचे. माझा मात्र तिळपापड व्हायचा. मी भरवायला जन्मलो होतो, चोळून घ्यायला नाही.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी बाबांनी डॉक्टरबाईंना गाठलं. "बाई, जोड गळणार नाही ना? आम्ही जोड दिला की दिवसभर त्यात पाणी सोडत नाही."

"आम्ही सात दिवस सोडत नाही," त्या म्हणाल्या. "मग एक्स-रेत दिसणारं औषध पाजतो आणि कुठे पाझरतंय का बघतो."

"मग बरोबर आहे," बाबा म्हणाले. आणि खिशात हात घालून माझा पोचा चोळू लागले.

आत सहा तास लागले. आई भिंतीला टेकून बसली होती. तिच्या मांडीवर बिट्टीचं रिकामं दुपटं होतं आणि तिने त्याची घडी किती वेळा मोडली आणि घातली याला गणती नाही. कोपऱ्यातल्या बेसिनचा नळ टपटपत होता. बाबांनी तासभर ते ऐकलं, मग उठले आणि खिशातून मला काढून माझ्या दांड्याने नळाचा स्क्रू फिरवू लागले. चमच्याचा स्क्रूड्रायव्हर झाला! एरवी मी संतापलो असतो. पण त्यांच्या बोटांना काहीतरी काम हवं होतं, हे मलाही कळलं. टपटप थांबली. थोड्या वेळाने डॉक्टरबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "जोडलंय." बाबा मला मुठीत धरून खालीच बसले.

सातव्या दिवशी कळलं, जोड पाझरत नव्हता. मला वाटलं, झालं, आता नळीची सुट्टी आणि माझी पाळी.

कसलं काय! महिने गेले, बिट्टी घरी रांगायला लागली, तरी मी तोंडाजवळ आलो की ती किंचाळायची. तोंडाने खायचं असतं हेच तिला ठाऊक नव्हतं. तोंडाजवळ आलेली प्रत्येक गोष्ट तिला आजवर दुखवूनच गेली होती. एकदा बाबांनी "एकच घास, माझ्यासाठी" म्हणत मला जबरदस्तीने आत सारलं. ती ओकारी काढून काढून बेजार झाली. गिळायला शिकवणाऱ्या बाई रागावल्या. "भरवू नका. चमचा तिला खेळायला द्या. तिला हवं तेव्हा ती घेईल." म्हणजे मी खेळणं झालो आणि नळी मात्र राणीसारखी पोटावर बसून राहिली. मी मनातल्या मनात म्हणायचो, ही मेली एकदाची निघू दे.

आणि एके सकाळी ती निघाली. अंघोळीनंतर बिट्टीने हिसका दिला आणि नळी आईच्या हातात आली. आईच्या तोंडचं पाणी पळालं. तोंडाने काही जात नव्हतं आणि पोटाची वाट आता बुजणार होती. बाबांनी भोकावर स्वच्छ फडकं धरलं, बिट्टीला छातीशी कवटाळलं आणि हॉस्पिटलकडे धावत सुटले. खिशातून मला त्यांची धडधड आणि पलीकडे बिट्टीची धडधड, दोन्ही जाणवत होत्या. वेळेत पोचलो म्हणून नवी नळी बसली. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. नळी गेली तर मला जागा मिळणार नव्हती, बिट्टीच जाणार होती. माझा मत्सर तिथे संपला असं मात्र सांगणार नाही, कारण तो संपला नाही.

त्यानंतर बाबांनी कधी घाई केली नाही. बिट्टी मला वीसदा फेकायची, ते वीसदा उचलून द्यायचे. एका दुपारी ते तिला मांडीवर घेऊन जेवत होते. पुढ्यात उकडून घोटलेल्या गाजराची वाटी होती. बिट्टीने मला उलटा धरला, दांडा वाटीत बुडवला आणि स्वतःच्या तोंडात घातला. बाबांचा हात हवेतच राहिला. आई दारात उभी होती, तिने ओठांवर बोट ठेवलं. बिट्टीने तोंड वाकडं केलं. मग तिचा गळा हलला.

तिने गिळलं.

आणि खोटं कशाला बोलू, पस्तीस वर्षं मी ज्यासाठी जगलो तो घास दांड्याने नेला. मला माझ्याच दांड्याचा हेवा वाटला!

मग बिट्टीने मला जमिनीवर दणकन आपटलं. बाबा एकदम हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले. "अगं, आणखी मागतेय ती!"

वर्षभराने नळी काढली. आईने ती धुऊन, डबीत घालून माझ्या शेजारी ड्रॉवरमध्ये ठेवली आहे. मित्रांनो, तुमच्या घरी एखादं बाळ घासाला तोंड फिरवत असेल तर त्याच्यावर रागावू नका. चमचा त्याच्या हातात द्या आणि वाट बघा, आणि तो पडला तर उचलून द्या. एवढंच मागतो.

आई ड्रॉवर उघडते तेव्हा आधी त्या डबीवरून हात फिरवते, मग मला घेते. अजूनही जळतो मी. पण डबीला जागा व्हावी म्हणून थोडा सरकून जळतो.