तीन भाषांतलं एक लेकरू

योगिनीने पाहुण्यांना नल्लकुंटा भागातल्या आपल्या घरी जेवायला बोलावलं, तेव्हा भामाकाकूला एकच काळजी पडली. "बोलायचं काय त्यांच्याशी? मला ना त्यांची भाषा येत, ना इंग्लिश."

"तू वाढ फक्त. बोलायचं मी बघते," योगिनी म्हणाली.

योगिनी विद्यानगरजवळच्या विद्यापीठात भाषाविज्ञान शिकवायची. त्या आठवड्यात तिथे कार्यशाळा भरली होती आणि तिच्या गटाकडे आर्मेनियन आणि एस्टोनियन या दोन भाषांची तुलना आली होती. म्हणून आर्मेनियाची शुशान आणि एस्टोनियाचा तार्मो, असे दोन अभ्यासक तिच्या वाट्याला आले. एकीचा देश डोंगरांतला, दुसऱ्याचा पार उत्तरेला, थंड समुद्राकाठचा. आर्मेनियन ही मराठीची फार दूरची भाऊबंद. एस्टोनियनचं घराणंच निराळं. साम्य शोधता शोधता तिघंही कंटाळले होते. हाती एवढंच लागलं होतं की दोन्ही भाषांत 'तो' आणि 'ती' असा भेद नाही. तार्मो दोघांनाही 'ता' म्हणतो, शुशान 'ना' म्हणते.

योगिनीने हे मराठीत सांगितलं तेव्हा काकू वाढता वाढता थांबली. "मग पोरगा का पोरगी, कळतं कसं?"

योगिनीने भाषांतर करून सांगितलं. तार्मो हसला आणि त्या भरात शेंगदाण्याची चटणी अंमळ जास्तच तोंडात टाकून बसला. त्याचे कान लाल झाले, डोळ्यांतून पाणी आलं. काकू धावत मधाची बाटली घेऊन आली. "खालो बाबा, शरमाओ नक्को," म्हणत तिने चमचाभर मध त्याच्या ताटात ओतला. परक्या माणसाशी बोलायचं म्हणजे तिच्या तोंडी आपोआप इथली दखनी हिंदी यायची.

मध चाटत तार्मो म्हणाला, "आम्ही याला मेसी म्हणतो. तुमच्या संस्कृतातल्या 'मधु'चाच नातलग. आमच्या पूर्वजांनी कुठल्यातरी शेजाऱ्यांकडून उचललेला."

"आमचा मेघर," शुशान म्हणाली. "पण म सारखा आहे म्हणून फसू नका. त्याचं मूळ दुसरं आहे."

शुशान अशीच होती. पुरावा हाती आल्याशिवाय ती कुठलंच नातं मानायची नाही. भाकरीचा तुकडा मोडत तिने काकूकडे पाहून विचारलं, "यांना मुलं किती?"

योगिनीने प्रश्न मराठीत सांगताच "ही एकच," म्हणत काकूने तिच्याकडेच बोट दाखवलं.

तार्मोला कळेना. "पण तू तर यांना काकू म्हणतेस. काकू म्हणजे काकाची बायको ना?"

योगिनीने पाण्याचा घोट घेतला. मग इंग्रजीत, सरळ आवाजात सांगितलं, की ती दीड वर्षाची असताना आईवडील अपघातात गेले. काका-काकूंनी तिला वाढवलं. आणि पुढे अनाथ या अर्थाचा इंग्रजी शब्द ती बोलून गेली. मराठीत तो शब्द तिने या घरात कधी उच्चारला नव्हता. लहानपणी शाळेतल्या एका बाईंनी वर्गात तो वापरला, तेव्हा काकू शाळेत जाऊन भांडून आली होती.

तार्मोचा हात ताटातच राहिला. "ओर्ब," तो स्वतःशीच पुटपुटला.

शुशानने झटकन मान वर केली. "काय म्हणालास?"

"ओर्ब. आई-बाप नसलेलं मूल."

"तो आमचा शब्द आहे!"

"आमचा आहे."

शुशानने पेल्यात बोट बुडवलं आणि टेबलावर पाण्याने आपल्या लिपीतली तीन अक्षरं काढली. "लिहायचं ओर्ब. म्हणताना पुढे हलकासा व लागतो, व्होर्ब. अर्थ तोच." ती बोलता बोलता थांबली, कारण योगिनीचा चेहरा बदलला होता.

संस्कृतातला अर्भ. अर्भक. योगिनीने हातातला घास खाली ठेवला. आर्मेनियनला हा शब्द आपल्या घराण्याच्या वारशात मिळालेला. एस्टोनियनच्या पूर्वजांनी तो हजारो वर्षांपूर्वी कुठल्यातरी गवताळ माळाच्या कडेला, संस्कृतच्या नातलग भाषा बोलणाऱ्या शेजाऱ्यांकडून घेतलेला. दोन शब्द दोन वाटांनी निघाले, आणि त्यांची गाठ नल्लकुंट्यातल्या जेवणाच्या टेबलावर पडली. तिने हे सांगितलं तेव्हा शुशाननेसुद्धा हरकत घेतली नाही. ती पाण्याची अक्षरं वाळताना बघत राहिली.

"काय झालं गं? भांडले का?" काकूने हळूच विचारलं.

"नाही काकू. आपल्या अर्भकासारखाच शब्द त्या दोघांकडेही आहे. फक्त त्यांच्याकडे त्याचा अर्थ अनाथ असा होतो."

काकूला ते पटेना. "अर्भक म्हणजे तान्हं लेकरू. त्यात अनाथ कुठून आलं?"

"शब्द मुळात एकच. तार्मोच्या पूर्वजांनी तो शेजाऱ्यांकडून घेतला. या दोघांकडे त्याचा अर्थ पोरका झाला. आपल्याकडे नुसतं लहान मूल राहिलं."

"आणि याच्या लोकांनी तो शेजाऱ्याकडून घेतला?"

"हौ."

काकू तार्मोकडे बघत राहिली. "शब्द एकटाच कसा येईल? कडेवर पोरही असणार कुणाच्या तरी."

योगिनीला एकदम वेगळंच विचारावंसं वाटलं. इतक्या वर्षांत तिने ते विचारलं नव्हतं. "काकू, मला इथे कसं आणलं?"

काकूने पदराला हात पुसले आणि खुर्ची ओढून बसली. "तुझ्या काकांनी आणलं, नांदेडहून गाडीने. मी काचीगुडा स्टेशनवर गेले होते घ्यायला. तू झोपेत होतीस. मुठीत बिस्किट, पार चिखल झालेलं. मी मूठ उघडायला गेले तर सोडेचनास. रिक्षात बसून घरापर्यंत मी त्या मुठीकडेच बघत होते. काकांना म्हटलं, राहू द्या, तिचं आहे ते."

योगिनीने डोळे पुसले नाहीत. तिने एकेक वाक्य इंग्रजीत सांगितलं. शुशानने तेच आपल्या भाषेत म्हणून पाहिलं, मग तार्मोने आपल्या. काचीगुडा स्टेशन, रिक्षा, बंद मूठ. पहिलीच्या भाषेत दगडावर दगड घासल्यासारखा आवाज होता, दुसऱ्याच्या भाषेत लांब ओढलेले सूर. एकातलंही एक अक्षर काकूला कळत नव्हतं, पण सांगणाऱ्यांच्या हातांची मूठ मिटली की तिला कळायचं, गोष्ट कुठवर आली ते.

ती दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती. भाकरीची टोपली तिच्या मांडीवर तशीच होती.

"मुठीत बिस्किट घेऊन कुठवर गेली गं ही पोर," ती म्हणाली.