हेराच्या तोंडी घातलेलं वाक्य

थायलंडमधल्या उत्तरदित गावातल्या आमच्या थिएटरात परदेशी सिनेमाचा मूळ आवाज बंद ठेवायचे, आणि सगळ्या पात्रांसाठी मायक्रोफोनवर मी बोलायचो. नायक मी, खलनायक मी, नटीही मीच. लिहून दिलेले संवाद मी क्वचितच वाचले. लोक काय सिनेमाच्या गोष्टीसाठी यायचे? आज हा चालोम, म्हणजे मी, कुणाची टोपी उडवतो, ते ऐकायला यायचे.

त्यात तो जुना हेरपट आला. आगगाडीतला पाठलाग, बुटात लपवलेली चिठ्ठी आणि मरणाच्या दारातही थट्टा करणारा गुप्तहेर. म्हणजे माझ्या जिभेला मोकळं रान. माणसं श्वास रोखून बसलेली असताना एक चिमटा काढला की हॉल खदखदतो.

विचियन मास्तर माझा लहानपणापासूनचा मित्र. चाळिशी उलटली तरी लाजाळूच. दोनच दिवसांपूर्वी म्हणाला होता, "खामपेंगला लग्नाचं विचारावं म्हणतोय. नवरा जाऊन चार वर्षं झाली तिचा. रोज दोन-दोन वाडगे नूडल्स खातो रे तिच्या दुकानात, ते काय भुकेपोटी? कुणाला बोलू नकोस हं."

"मी? तोंड शिवलंय बघ माझं."

रविवारी दुपारचा खेळ खचाखच भरला. गुप्तहेराने बुटातून चिठ्ठी काढली. संवाद होता, 'पूल उडवा.' मी म्हणालो, "अतिगुप्त! विचियन मास्तर दोन वाडगे नूडल्स भुकेपोटी खात नाहीत. त्यांचा डोळा खामपेंगवर आहे!"

छप्पर उडायचंच बाकी होतं. मीही हसत होतो. मग खामपेंग मान खाली घालून बाहेर जाताना दिसली.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद. शेजारीण म्हणाली, "लांपांगला गेली बहिणीकडे, कायमची. गावभर हसं झाल्यावर राहील कशाला?"

मी मास्तरकडे गेलो, हात जोडले. "चुकलो रे."

तो वह्या तपासत होता. "तू सगळ्यांचंच हसं करतोस," म्हणाला, "माझंही केलंस." आणि पुन्हा वह्यांत डोकं घातलं. त्याने शिवी हासडली असती तर बरं झालं असतं. मला माझ्याच आवाजाची किळस आली.

मालकाने सिनेमा आणखी आठवडाभर ठेवला. गर्दी दुप्पट. बुटातून चिठ्ठी निघाली, आणि मी निमूटपणे लिहिलेलं वाचलं, "पूल उडवा."

"अहो चालोमभाऊ," मागून एक बाई ओरडली, "मास्तरांचं राहिलं की!"

आणि अख्ख्या हॉलने ते वाक्य एका सुरात म्हटलं, शब्दन् शब्द, माझ्याच ढंगात. "गप्प बसा!" मी मायक्रोफोनमध्ये किंचाळलो. त्यावर ते आणखीच हसले.